परतीचं तिकीट दाखवा

मॉरिशसच्या आग्नेय कोपऱ्यात ग्रँड पोर्ट नावाचा एक मोठा, देखणा उपसागर आहे. १५९८ साली डच या बेटावर पहिल्यांदा उतरले ते इथेच. जागा बघितली की कोणीही म्हणेल, बंदर करायचं तर इथेच. पण या बेटावर वर्षातले बहुतेक दिवस वारा आग्नेयेकडून येतो. शिडाचं जहाज त्या वाऱ्यावर आरामात आत शिरायचं, आणि बाहेर पडायची वेळ आली की तोच वारा तोंडावर. प्रवाळाच्या खडकांमधली अरुंद वाट आणि समोरून वारा. बऱ्या दिवसाची वाट बघत जहाजं नांगर टाकून पडून राहायची. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले, फ्रेंच आले, आणि १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बुर्दोनेने सगळा कारभार बेटाच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येच्या पोर्ट लुईला उभा केला. तिथे पाठीशी डोंगर, वारा अडलेला. येणं सोपं आणि जाणंही सोपं.

गंमत अशी की आजचा विमानतळ पुन्हा ग्रँड पोर्टच्याच बाजूला, प्लेझान्सला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे धावपट्टी केली. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि तसंच उतरतं. त्यामुळे जो वारा जहाजांना नको होता, तोच विमानांना हवाहवासा झाला. धावपट्टीची दिशासुद्धा आग्नेय-वायव्य. म्हणून या देशाची दोन दारं दोन टोकांना आहेत, समुद्राचं वायव्येला आणि आकाशाचं आग्नेयेला. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला उत्तरेच्या ग्रां बेमधलं हॉटेल मिळालं असेल, तर तो उतरल्यावर सगळं बेट उभं कापत टॅक्सीत तासाभराहून जास्त बसतो. ते भाडं एका परीने शिडाच्या जहाजांमुळे द्यावं लागतं, असं मी भाच्याला म्हटलं. तो म्हणाला, “मावशी, आधी भाडं ठरव, मग इतिहास सांग. इथे टॅक्सीला मीटर नाही.”

हा भाचा एबेनच्या सायबर सिटीत नोकरीला होता, म्हणून माझं तिथे जाणं झालं. पहिल्यांदा गेले तेव्हा मेट्रो नव्हती. नंतर गेले तेव्हा ती पठारावरच्या क्युरपीपपर्यंत पोहोचली होती. मुंबईपासून अंतर साडेचार हजार किलोमीटरहून थोडं जास्त, विमानाला सहा-साडेसहा तास. घड्याळ दीड तास मागे करायचं. वाटेत विषुववृत्त ओलांडतो त्याचा पत्ताही लागत नाही. जुलैत उतरलात तर अंगात स्वेटर घातलेली माणसं दिसतात, तेव्हा लक्षात येतं की इथे आत्ता हिवाळा आहे.

खिडकीतून आधी दिसते ती पांढरी रेघ. प्रवाळाचं कुंपण बेटाला जवळजवळ सगळीकडून वेढा घालून आहे. लाटा तिथे फुटतात आणि आतलं पाणी संथ, फिकट हिरवं राहतं. मधेमधे कुंपणाला खिंडारं आहेत. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोड्या पाण्यात आणि गाळात प्रवाळ वाढत नाही, म्हणून ही वाट आपोआप उघडी राहते. बेटावरची जुनी बंदरं अशा नदीमुखांवरच बसलेली आहेत. दक्षिणेला सुयाकजवळ हे कुंपणच नाही, तिथे समुद्र थेट काळ्या कड्यांवर येऊन आपटतो. पर्यटकांची जाहिरात त्या बाजूला सहसा फिरकत नाही, आणि मला विचाराल तर बेटाचा तोच भाग सर्वांत चांगला.

या कुंपणाची किंमत २०२० मध्ये सगळ्या जगाला कळली. २५ जुलैच्या रात्री ‘वाकाशिओ’ नावाचं जपानी मालकीचं मालवाहू जहाज विमानतळाजवळच्याच पोइंत देस्नीच्या प्रवाळावर चढलं. काही दिवसांनी टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल त्या फिकट हिरव्या पाण्यात आलं. माहेबूरच्या किनाऱ्यावर लोक सरकारची वाट बघत बसले नाहीत. उसाचं पाचट कापडात भरून, शिवून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध केले आणि तेलाला आडवे लावले. केसही तेल शोषतात म्हणून काहींनी केस कापून दिले. ऊस लावायलाच ज्या बेटावर माणसं आणली गेली, तिथे पाचटाला हे काम मिळालं.

विमानतळावर भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण काउंटरवरचा अधिकारी एक गोष्ट हमखास बघतो. माझ्या पुढे एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, मुलीच्या हातावरची मेंदी अजून गडद. अधिकाऱ्याने विचारलं, “परतीचं तिकीट?” नवरा मोबाईलमध्ये शोधू लागला, नेट मिळेना, मुलगी त्याच्याकडे बघते आहे, मागे रांग. शेवटी तिनेच पर्समधून छापलेला कागद काढला. शिक्का बसला. किती दिवसांनी जाणार हे कळल्याशिवाय या देशात पाऊल ठेवता येत नाही, आणि पर्यटनावर जगणाऱ्या छोट्या देशाने ते विचारणं रास्तच आहे. तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, याचं कारण दोन दिवसांनी पोर्ट लुईत गेल्यावर समजलं.

पोर्ट लुईच्या बंदराला लागून आप्रवासी घाट आहे, करारावर आणलेल्या मजुरांना उतरवायची जागा. २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे, पण बघायला गेलं तर फार काही उरलेलं नाही. दगडी भिंती, काही खोल्या, पाण्याकडून वर येणाऱ्या पायऱ्या. गुलामगिरी १८३५ मध्ये इथे संपली आणि त्याच्या आधीच मळेवाल्यांनी नवे मजूर शोधून ठेवले होते. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ माणसं घेऊन आलं. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बंदरातून गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून आली. मुंबई बंदरातून चढलेले कमी, पण होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातले. आज इथे मराठी समाज आहे, शाळांमधून मराठी शिकवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, ते त्यांच्यामुळे.

करारावर आलेल्या माणसाला सुरुवातीला एक आश्वासन असायचं. पाच वर्षं राबा, मग मालक तुम्हाला फुकट परत पाठवेल. १८५० च्या दशकात ते काढून घेण्यात आलं. परत जायचं तर स्वतःच्या पैशाने जा. आता पाच वर्षांत उरायचं काय? एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची पद्धत होती. मालक जमेल तेवढे दिवस कापायचे. काही माणसं तरीही परत गेली, बरीच गेली. पण जास्त राहिली, आणि त्यातल्या किती जणांनी मनापासून राहायचं ठरवलं आणि किती जणांना जाता आलं नाही, हे घाटावरचा कुठलाही फलक सांगू शकत नाही.

त्याहून विलक्षण गोष्ट मला नंतर समजली. करार संपलेल्या माणसालासुद्धा बेटावर मोकळं फिरता येत नव्हतं. १८६७ च्या कायद्याने त्याच्याकडे पोलिसांचा पास आणि फोटो लावलेलं तिकीट असणं सक्तीचं केलं. ज्या जिल्ह्याचा पास, त्याच जिल्ह्यात राहायचं. शेजारच्या जिल्ह्यात बहिणीकडे गेला आणि खिशात कागद नसला की भटका म्हणून अटक. सगळं बेट उत्तर-दक्षिण पासष्ट किलोमीटरच्या आत-बाहेर; म्हणजे पुण्याहून निघालेला माणूस खंडाळ्याच्या घाटातच पकडला जाईल एवढा हा देश, आणि त्यात पुन्हा जिल्ह्यांच्या सरहद्दी. कॅमेरा नुकता कुठे रुळत होता, आणि त्याचा असा उपयोग सुचला. ते फोटो मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. सरळ समोर बघणारे चेहरे, हसण्याचा प्रश्नच नाही.

आदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळेवाल्याने १८७१ मध्ये या माणसांच्या वतीने गव्हर्नरला अर्ज केला. त्यावर नऊ हजारांहून जास्त मजुरांनी नाव लावलं. इतर मळेवाल्यांपैकी एकाने त्याला पोर्ट लुईच्या रस्त्यात गाठून मारहाण केली. पण इंग्लंडमधून चौकशी आयोग आला आणि हळूहळू जाच थोडा सैल झाला. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला निघालेल्या गांधीजींचं ‘नौशेरा’ जहाज इथे थांबलं, तेव्हा ते जवळपास तीन आठवडे बेटावर होते. मुलांना शिकवा, राजकारणात भाग घ्या, असं ते सांगून गेले. पुढे १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर (डॉक्टर हे आडनाव) वकिली करायला आले आणि कोर्टात या लोकांची बाजू मांडू लागले.

घाटातून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर इमिग्रेशन स्क्वेअर, उत्तरेकडच्या बसचा अड्डा. दक्षिणेच्या आणि पठारावरच्या बस व्हिक्टोरिया स्क्वेअरवरून सुटतात. मी पहिल्यापासून ठरवलं होतं, टॅक्सी विमानतळापुरती, बाकी बस. भाच्याला ते पटलं नव्हतं, पण त्याचं ऑफिस होतं आणि माझ्याकडे वेळ होता. अड्ड्यावर काचेच्या पेटीवाल्याकडे दालपुरी घ्यायची. ती जोडीनेच मिळते, दोन एकावर एक, आत वालासारख्या कडधान्याची रस्सेदार भाजी, चटणी, लोणचं, आणि सगळं कागदात गुंडाळून. वाटलेल्या डाळीचं सारण म्हटल्यावर आपल्याला पुरणपोळी आठवते, पण ही तिखट, आणि बसची वेळ झाली की चालता चालता खायची. कोणी ताट वगैरे मागितलं तर लोक बघत राहतील.

बस बऱ्याच अशोक लेलँडच्या. दार पुढे, कंडक्टर आत, बेल दोरीची नाही तर बटणाची. काही बसवर मालकाने भडक अक्षरांत नाव रंगवलेलं असतं, कारण मोठ्या कंपन्यांबरोबर एक-एक बस असलेले मालकही इथे सहकारी संस्था करून गाड्या चालवतात. अशी बस भरल्याशिवाय हलत नाही आणि हलली की थांबत नाही. तिकीट जपून ठेवायचं, तपासनीस मधूनच चढतो. संध्याकाळी सहा-सात वाजले की बऱ्याच मार्गांवर शेवटची गाडी निघून गेलेली असते. पर्यटकांना ते पत्रकात कुठेच सापडत नाही, आणि मग अंधारात उसाच्या शेतापाशी उभं राहून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करावी लागते. तो मागेल तो भाव.

व्हाकोआहून हेन्रिएटाकडे जाणाऱ्या बसमध्ये मला आजी भेटल्या. हेन्रिएटाला जायचं कारण एवढंच की या बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ साली तिथे एका मराठी घरात झाला असं सांगतात. आजींच्या कपाळाला कुंकू, अंगात फुलांचा फ्रॉक, मांडीवर भाजीची पिशवी. माझ्याकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “मुंबैसून आलीस काय गो बाय?” मी चाटच पडले. शब्द आमच्या आजोळचे, पण चाल निराळी, इथल्या रोजच्या क्रेओल भाषेची, वाक्याच्या शेवटी वर जाणारी.

“हो आजी. तुम्ही इथल्याच?”

“माझा आजा मुंबैसून आला. मी हितलीच.” मग क्रेओलमध्ये पुढच्या बाईला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. मराठी त्यांच्याकडे थोडीच उरली होती. देवाची, स्वयंपाकाची, नात्यांची. बसचं, भावाचं, सरकारचं सगळं क्रेओलमध्ये. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी पिशवीतून ओळखपत्र काढून फक्त दाखवलं आणि ठेवून दिलं. “मला पैसं लागत नाय,” त्या जरा ऐटीत म्हणाल्या. २००५ पासून म्हाताऱ्या माणसांना आणि विद्यार्थ्यांना देशभर बस फुकट आहे. आजी त्या दिवशी भाजीला गेल्या होत्या असं मला वाटलं, पण भाजी हेन्रिएटातही मिळते. “घरात बसून काय करू? बस घेते, रोज हिल, कात्र बोर्न, माहेबूर. समुद्र बघते. जेवायला घरी.” म्हणजे फोटोचं एक कार्ड दाखवून ही बाई सगळा देश पालथा घालत होती. त्यांच्या आज्याच्या फोटोच्या तिकिटाबद्दल मी विचारलं नाही. ते कुठे असेल तर मोका इथल्या संग्रहाच्या कपाटात असेल.

त्या एकदा भारतात येऊन गेल्या होत्या, सहलीबरोबर. मुंबई, शिर्डी, पंढरपूर. आज्याचं गाव शोधायचं होतं, पण कागदावर साहेबाने जे नाव लिहिलं होतं ते रत्नागिरीतल्या कुठल्याच गावाशी जुळेना. “मग?” मी विचारलं. “मग काय? दर्या बघितला. आमच्यासारखाच. मग विमान होतं.” यापुढे त्या माझी चौकशी करू लागल्या, नवरा काय करतो, मुलं किती. बसमधल्या आजी कुठल्याही देशात शेवटी इथेच येतात.

व्हाकोआ, क्युरपीप, कात्र बोर्न ही पठारावरची गावं. पोर्ट लुईत कडक ऊन असतं तेव्हा क्युरपीपला धुकं आणि पाऊस. राजधानीत नोकरी आणि पठारावर घर ही इथली जुनी रीत आहे, आणि तिच्यामागे एक रेल्वे आणि एक साथ आहे. पहिला रेल्वेमार्ग १८६४ मध्ये उत्तरेकडे सुरू झाला, दुसरा पुढच्याच वर्षी पोर्ट लुईहून पठार चढून क्युरपीपमार्गे माहेबूरकडे. दोन्ही साखर बंदरावर आणण्यासाठी. आणि १८६६-६८ मध्ये हिवतापाची भयंकर साथ आली. हा ताप या बेटावर पूर्वी नव्हता. तो जहाजांबरोबर आला. पोर्ट लुईत माणसं हजारोंनी मेली. ज्यांच्याकडे पैसा होता ते थंड पठारावर पळाले, कारण तिथे डास कमी आणि आता आगगाडीही होती. सकाळी खाली, संध्याकाळी वर. ज्यांच्याकडे पैसा नव्हता ते खालीच राहिले. क्युरपीप शहर असं वसलं.

पुढे मोटारी आल्या, साखर ट्रकमधून जाऊ लागली. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि १९६४ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, मालगाड्याही. रूळ उखडले. नंतरची पन्नास वर्षं सगळा देश त्याच एका महामार्गावर सकाळी खाली आणि संध्याकाळी वर जात राहिला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भाचा सकाळच्या गर्दीला इतक्या शिव्या द्यायचा की मला घाटकोपर बरं वाटायचं.

मेट्रो एक्स्प्रेस आली ती भारताच्या मदतीवर आणि लार्सन अँड टुब्रोने बांधली. २०१९ मध्ये उद्घाटन, २०२० च्या जानेवारीत रोझ हिलपर्यंत गाडी सुरू, २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत. डबे स्पेनचे. मार्ग बराचसा तोच, जुन्या रेल्वेचा, कारण चढ तेवढा सौम्य असलेली दुसरी वाट नव्हतीच. मुंबईच्या कंपनीने साठ वर्षांपूर्वी बुजलेल्या वाटेवर पुन्हा रूळ टाकावेत याचं मला उगाच कौतुक वाटलं. पण रस्त्याच्या मधून जाणाऱ्या या गाडीसाठी काही वस्त्यांमधली घरं पाडली गेली, झाडं गेली, आणि ज्यांची घरं गेली त्यांच्याशी बोलताना कौतुक बाजूला ठेवावं लागतं. रोझ हिलला भेटलेला एक बसचालक वेगळ्याच कारणाने वैतागलेला होता. मेट्रोला पूल, थांबे, पोलीस. आमच्या बसला त्याच जुन्या खड्ड्यांचा रस्ता. तरी तो स्वतः सुट्टीच्या दिवशी मेट्रोनेच क्युरपीपला जायचा, थंड असते म्हणून.

समुद्रातून बेट फिरायची सोय पर्यटकांसाठी भरपूर आहे. पूर्वेला इल ओ सेर्फला जाणाऱ्या वेगवान बोटी, काचेच्या तळाच्या होड्या, आणि उत्तरेला ग्रां बेहून निघणारे कॅटमरान, म्हणजे जोडतळाच्या बोटी. हे कॅटमरान दुपारी गॅब्रिएल बेटापाशी थांबतात. वाळू पांढरीशुभ्र, पाणी कमरेएवढं, बोटीवर भाजलेले मासे आणि रम. आमच्या बोटीवर गाणी इतकी मोठ्याने लावली होती की शेजारच्या बोटीवरची गाणी ऐकू येऊ नयेत. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फतेह मुबारक’ या जहाजांवर पटकीची लागण होती, म्हणून त्यातल्या मजुरांना पोर्ट लुईत न उतरवता याच बेटावर ठेवलं. निवारा नाही, पाणी नाही. शेकडो मेले. हिंदुस्थान सरकारने त्यावर काही काळ मजूर पाठवणंच थांबवलं. मग शेजारच्या फ्लॅट आयलंडवर, म्हणजे सपाट बेटावर, नीट क्वारंटाइन स्टेशन बांधलं गेलं. बोटीवरच्या मार्गदर्शकाने आम्हाला पक्षी दाखवले, सपाट बेटावरचं दीपगृह दाखवलं, कासव दिसलं तर पकडू नका म्हणून बजावलं. यातलं काही सांगितलं नाही, आणि माझ्या मते ते त्याचं काम नव्हतंही. एक पाटी मात्र असायला हवी होती.

आणि एक जुना समुद्रप्रवास असा की तो या देशाच्या मनातून जात नाही. मॉरिशसला १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं, पण त्याच्या आधीच ब्रिटनने चागोस बेटं वेगळी काढून ठेवली होती. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. तिथली माणसं उपचारासाठी, नातेवाइकांना भेटायला पोर्ट लुईत येत. १९६८ पासून त्यांना बंदरावर सांगण्यात येऊ लागलं की आता परत जायला जहाज नाही. उरलेल्यांना १९७३ पर्यंत जहाजात घालून आणलं. ती माणसं कासी, रोश ब्वा, पोइंत ओ साब्ल अशा पोर्ट लुईच्या कडेच्या वस्त्यांमध्ये राहिली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेटं वेगळी काढणं बेकायदा होतं असं मत दिलं, आणि २२ मे २०२५ रोजी बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यातही दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं राहणार असं लिहिलेलं आहे. विमानतळावरचा तो प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण पोर्ट लुईत ज्यांना कधीकाळी तो उलटा विचारला गेला त्यांच्यासमोर तो मोठ्याने म्हणू नये.

उत्तरेला अकराशे किलोमीटरवर आगालेगा आहे, मॉरिशसचीच नारळाची दोन बेटं, माणसं तीनशेच्या आसपास. तिथे २९ फेब्रुवारी २०२४ रोजी भारताच्या पैशाने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि नवा धक्का सुरू झाला. आगालेगाच्या बाईला आता बाळंतपणासाठी दिवसच्या दिवस समुद्रातून यावं लागणार नाही, हे खरं. तीनशे माणसांना एवढी लांब धावपट्टी लागत नाही, हेही खरं, आणि चागोस पाहिलेल्या देशात लोक ते मोजल्याशिवाय राहत नाहीत.

रॉड्रिग्जला मी पहिल्याच खेपेला जाऊन आले. मॉरिशसचंच हे बेट पूर्वेला ५६० किलोमीटरवर, विमान छोटं पंख्याचं, दीड तास. जहाजाला दीड दिवस, कारण जाताना वारा आणि लाटा दोन्ही समोरून. १८१० मध्ये इंग्रजांनी मॉरिशस घेतलं तेव्हा त्यांचं आरमार आधी याच बेटावर जमलं होतं. इथून खाली उतरणं सोपं. त्याच्याही आधी, १६९१ मध्ये, धर्मछळामुळे फ्रान्स सोडलेला फ्रांस्वा लेगा आणि त्याचे काही सोबती इथे येऊन राहिले होते. उडता न येणारा सॉलिटेअर पक्षी त्याने बघून लिहून ठेवला. आता तो नाही. बेट सुंदर होतं, खायला भरपूर होतं, छळणारं कोणी नव्हतं, तरी दोन वर्षांनी त्याच्या तरण्याबांड सोबत्यांना कंटाळा आला. स्वतः होडी बांधून ते उघड्या समुद्रातून आठवडाभरात मॉरिशसला पोहोचले, आणि तिथे डचांनी त्यांना कैद केलं.

पोर्ट माथुराँच्या धक्क्यावर मॉरिशसहून जहाज येतं तो दिवस गावाचा असतो. मी ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाई पहाटेच उठून गेल्या, त्यांचं गॅस सिलिंडर आणि भावाने पाठवलेलं वॉशिंग मशीन येणार होतं. धक्क्यावर सिमेंट, तांदळाची पोती, सायकली, बियरचे क्रेट उतरत होते. चढायला थांबले होते कांदे, मध, बारीक मिरच्यांच्या बाटल्या, गुरं, शेळ्या. गाईला पोटाखालून पट्टा लावून क्रेनने वर उचलली की ती हवेत चारही पाय ताठ करते आणि खालची पोरं ओरडतात.

एक म्हातारबाबा दोन शेळ्या घेऊन कडेला बसले होते. पोर्ट लुईत मुलीकडे लग्न होतं. बाईंनी मध्ये दुभाषाचं काम केलं. मी म्हटलं, दीड दिवस या वयात कशाला, रॉड्रिग्जच्या लोकांना विमानाचं तिकीट स्वस्तात मिळतं ना? बाबांनी माझ्याकडे, मग शेळ्यांकडे बघितलं. विमानात पंधरा किलो सामान घेतात, ते म्हणाले, आणि ही मोठी एकटीच तीस भरेल. बाईंनी मान डोलावली, वॉशिंग मशीनच्या पावतीवर सही केली आणि हमालाशी भाड्यावरून भांडायला लागल्या.